नारू, दुधाची बादली आणि मिशनची शाळा

आमच्या भागात ‘मिशन’ हा शब्द तीन अर्थांनी वापरतात. मिशन म्हणजे चर्च, मिशन म्हणजे दवाखाना आणि मिशन म्हणजे शाळा. ‘पोरगं मिशनमधी घातलं’ म्हटलं की शाळा समजायची, ‘म्हातारीला मिशनमधी नेलं’ म्हटलं की दवाखाना. एकाच शब्दात या गोष्टी का आल्या, हे मला शेतात काम करता करता फार उशिरा कळलं. तिथे शिकवणं, बरं करणं आणि गावाच्या उपयोगी पडणं ही कामं वेगळी नव्हतीच. त्याचा इतिहास कुणी लिहिलेला माझ्या वाचनात नाही. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस, पण त्या शाळेच्या बोर्डिंगात पाच वर्षं काढली. जे पाहिलं आणि पुढे वाचून जे जुळवलं, ते लिहून ठेवतो.

आमचा जिल्हा तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर. इथे मिशनरी फार जुने. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ मध्येच नगरला आले होते. ते प्रॉटेस्टंट. कॅथलिक फादर खेड्यांत शिरले ते नंतर, १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळानंतरच्या काळात. हे जेझुइट संघाचे, त्यात जर्मन पुष्कळ. पहिलं महायुद्ध लागलं तेव्हा इंग्रज सरकारने जर्मन फादरांना शत्रूराष्ट्राचे म्हणून अटकेत ठेवलं आणि मायदेशी पाठवलं. पुढे स्विस फादर आले, गोव्याचे-मंगळूरचे आले, आणि नंतर आपल्याच जिल्ह्यातली पोरं फादर झाली. ख्रिस्ती झालेली कुटुंबं बहुतेक महार-मांग वस्तीतली. त्यामुळे मिशनची शाळा म्हणजे गावाच्या भाषेत ‘त्यांची शाळा’. हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही.

आम्ही मराठा. दहा एकर कोरडवाहू, एक विहीर, तीही फेब्रुवारीत तळ दाखवणारी. १९७२ ला पाऊस गेला आणि सगळंच गेलं. बा आणि आय खडी फोडायला जायचे. दुष्काळी कामावर सुकडी मिळायची, रेशनला अमेरिकेची लाल मिलो. ती भाकरी थापताना तुटायची आणि खाल्ली की पोटात दगडासारखी बसायची. मी सहावीत. कुणीतरी बाला सांगितलं, मिशनच्या बोर्डिंगात दोन वेळचं जेवण आणि दूध आहे. आजी म्हणाली, “पोरगं बाटंल.” बा म्हणाला, “आधी जगू दे, मंग बघू बाटतंय का.”

मी बाटलो नाही. मला कुणी बाप्तिस्मा घे म्हटलंही नाही. सकाळच्या प्रार्थनेला आम्ही हात जोडून उभं राहायचो एवढंच. पण त्या बोर्डिंगात पहिल्या आठवड्यात माझ्या शरीराकडे जेवढं लक्ष दिलं गेलं, तेवढं जन्मल्यापासून कुणी दिलं नव्हतं. यात आईबापाचा दोष नाही. खडी फोडून आलेल्या माणसाला पोराच्या डोक्यातल्या उवा दिसत नाहीत.

दवाखान्याच्या सिस्टर रविवारी यायच्या. आधी केस कापायचे, मग डोक्याला औषध. बोटांच्या बेचक्यांत खरूज दिसली की गंधकाचं मलम, आणि एकाला खरूज निघाली तर त्या रांगेतल्या सगळ्यांच्या गोधड्या उकळत्या पाण्यात. कोठारातल्या धान्याच्या काट्यावर आम्हाला बसवून वजन करायच्या आणि एका लांब वहीत लिहायच्या. दर महिन्याला मागच्या आकड्याशेजारी नवा आकडा. ज्याचं वजन घटलं, त्याला सिस्टर दोन प्रश्न विचारायच्या. जेवतोस का? आणि रात्री झोप लागते का? दुसऱ्या प्रश्नाचं आम्हाला हसू यायचं. तो प्रश्न का होता, ते पुढे कळलं.

दूध म्हणजे भुकटीचं. ती परदेशातून मदत म्हणून यायची, तसाच भरडलेला गहू आणि तेलाचे डबे. गव्हाची पोती कापडाची, त्यांवर एकमेकांत गुंफलेल्या दोन हातांचं चित्र. त्या काळात आमच्याकडच्या कितीतरी पोरांच्या चड्डीवर पाठीमागे ते दोन हात असायचे. सुरुवातीला दूध गार पाण्यात कालवायचे आणि पोरांना ढाळ लागायची. सिस्टरनी स्वयंपाकघरात येऊन फर्मान काढलं, पाणी आधी खळखळ उकळायचं, मग भुकटी. बादलीशेजारी राखेचं टोपलं ठेवलं. राखेने हात धुतल्याशिवाय वाटी मिळायची नाही. एवढ्यावर ढाळ थांबली.

आमच्या वर्गात एक पोरगा होता, सांज झाली की भिंत धरून चालायचा. आम्ही त्याला चिडवायचो. सिस्टरनी ओळखलं, हे रातांधळेपण. दुष्काळात हिरवा पाला पोटात गेला नाही की हे होतं. त्याला औषध दिलं. जीवनसत्त्व ‘अ’ लहान मुलांना देण्याची सरकारची योजना १९७० पासून सुरू झाली होती, पण आमच्या खेड्यांपर्यंत ती धड पोचली नव्हती. नुसतं औषध देऊन सिस्टर थांबल्या नाहीत. बोर्डिंगच्या कुंपणाला आम्हाला शेवग्याचे फाटे लावायला सांगितले. शेवगा पाण्यावाचूनही तग धरतो. आंघोळीच्या सांडपाण्यावर तो वाढला आणि वर्षभरात पाल्याची भाजी आठवड्यातून तीनदा ताटात यायला लागली. सुट्टीला घरी जाताना प्रत्येकाच्या हातात एक फाटा. माझ्या बांधावरचा शेवगा त्याच वाणाचा, फाट्यावरून फाटा असा टिकवलेला.

आता झोपेच्या प्रश्नाचं. ‘मानसिक आरोग्य’ हा शब्द तेव्हा आम्ही ऐकला नव्हता, फादरनीही वापरला नसेल. पण एका पोराचा बाप खाणीवर दरड कोसळून गेला. पोरगा दिवसकार्य उरकून परत आला आणि बोलायचा बंद झाला. वर्गातल्या मास्तरांनी आधी ओरडून पाहिलं, मग छडी. छडी त्या शाळेत होती, आणि भरपूर होती, हेही लिहिलं पाहिजे. बोर्डिंगचे फादर मात्र मध्ये पडले. त्यांनी त्याला अभ्यासातून आठ-पंधरा दिवस सूट दिली आणि गोठ्यातली नुकती व्यालेली गाय आणि तिचं वासरू त्याच्या ताब्यात दिलं. पाजायचं, बांधायचं, शेण काढायचं. झोपायला त्याच्या शेजारी रोज एकच पोरगा, बदलायचा नाही. तिसऱ्या आठवड्यात तो वासराशी बोलायला लागला, मग आमच्याशी. एकट्या पडलेल्या पोराला उपदेश करत बसू नये, त्याच्या हाताला काम आणि शेजारी सोबत द्यावी, हे मी तिथे पाहिलं. पुढे गावात कर्जापायी एक घर उघडं पडलं, तेव्हा त्या घरच्या पोराच्या बाबतीत मला हेच उपयोगी पडलं.

हे सगळं बोर्डिंगच्या आतलं झालं. आतलं बाहेर कसं गेलं, ती गोष्ट नारूची.

आजच्या पोरांना नारू माहीत नाही, हे त्यांचं भाग्य. नारू म्हणजे अंगातून निघणारा दोऱ्यासारखा जंत. दोन-अडीच फूट लांब, कधी त्याहून जास्त. पायाला फोड येतो, आग होते, फोड फुटून पांढरं टोक बाहेर येतं. ते काडीला गुंडाळून रोज थोडं थोडं ओढायचं. घाईने ओढलं आणि तुटलं की पाय सुजून पू होतो आणि माणूस महिनाभर खाटेवर. कुणी रुईचं पान बांधायचं, कुणी देवाला कौल लावायचं. माझ्या थोरल्या चुलत्याला ऐन पेरणीच्या तोंडावर दोन्ही पायांतून नारू निघाले. त्या वर्षी त्यांची औतं उभी राहिली. नारूने माणूस सहसा मरत नव्हता, हंगाम मरायचा. शेतकऱ्याला दोन्ही सारखंच.

हा रोग येतो पाण्यातून. आमच्याकडे पायऱ्यांच्या विहिरी होत्या. आग होते म्हणून नारूचा रोगी पाय पाण्यात घालतो आणि जंत हजारो पिल्लं पाण्यात सोडतो. ती पिल्लं पाण्यातले बारीक किडे गिळतात, ते किडे घागरीतून आपल्या पोटात येतात आणि साधारण वर्षाने दुसऱ्याच माणसाच्या पायातून नवा नारू निघतो. यावर लस नव्हती, औषध नव्हतं, आजही नाही. उपाय दोनच. पाणी दुपदरी कापडाने गाळून प्यायचं आणि नारूच्या माणसाने पाण्यात उतरायचं नाही.

१९७४ च्या उन्हाळ्याआधी सिस्टरनी आम्हाला हे फळ्यावर चित्र काढून शिकवलं. मग ठरलं की शेजारच्या एका गावात बोर्डिंगच्या पोरांनी सकाळ-संध्याकाळ विहिरीच्या पायऱ्यांवर उभं राहायचं, बायांच्या घागरी गाळून द्यायच्या आणि नारू असलेल्याला वरूनच पाणी शेंदून द्यायचं. फादर परवानगी मागायला गेले. गावातली जाणती माणसं म्हणाली, “फादर, तुम्ही या, चहा घ्या. पोरं कुणाकुणाची हायती ते आमाला ठावं हाय. विहिरीवर नकोत.” एकाने असंही म्हटलं, की फडक्याच्या निमित्ताने बाटवायला आले.

त्या रात्री फादरनी आम्हाला अंगणात बसवलं. आम्ही बावीस जण. त्यांतले सात मराठा-माळी-धनगराचे, बाकी सगळे ख्रिस्ती, म्हणजे गावाच्या लेखी महार-मांगाचे. फादरनी गावाचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं आणि विचारलं, काय करायचं? एक वाट सरळ होती. सातांना पाठवायचं. गाव हरकत घेणार नव्हतं. काही जण तसं म्हणालेही, रोग थांबत नाही, जे जाऊ शकतात त्यांनी जावं. नववीतला एक ख्रिस्ती पोरगा होता. तो म्हणाला, “सात जण गेले तर गावाला पटेल की त्यांचंच बरोबर होतं. मग बोअर खोदली तरी आम्हाला लांबच उभं करतील.” बराच वेळ कुणी बोललं नाही. फादरही नाही. मग त्यानेच तोड काढली. विहिरीवर कुणीच जायचं नाही. फडकी घेऊन घरोघर जायचं, गावातही आणि वस्तीतही, आणि प्रत्येक जोडीत एक इकडचा, एक तिकडचा.

गव्हाची रिकामी पोती आम्ही उकळली, वाळवली, उसवली आणि हात-हातभर चौकोन कापले. काहींवर ते दोन गुंफलेले हात तसेच राहिले. माझी जोडी त्या नववीतल्या पोराशी होती. काही घरांनी फडकं माझ्या हातून घेतलं आणि त्याला उंबऱ्याबाहेर उभं केलं. तो बाहेरूनच मोठ्या आवाजात समजावून सांगायचा, कारण त्याला माझ्यापेक्षा चांगलं सांगता यायचं. एका म्हातारीने त्याच्या हातचं फडकं ओट्यावर ठेवायला लावलं, त्यावर पाणी शिंपडलं आणि मग उचललं. त्याने काही तोंड पाडलं नाही. तिला म्हणाला, “आजी, शिंपडलं ते पाणी गाळलेलं हुतं का?” म्हातारी आधी रागावली, मग हसली. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा तिने फडकं त्याच्या हातातून घेतलं आणि जुनं फाटलं म्हणून दुसरं मागितलं.

तीन उन्हाळे आम्ही हे केलं. नारू कमी झाला. फडक्याने किती आणि हातपंपाने किती, हे वेगळं काढता येणार नाही, कारण दुष्काळानंतर गावोगाव बोअर खोदल्या गेल्या आणि पाण्यात पाय घालायचा प्रश्नच संपत गेला. हातपंपाचीही एक मिशनची गोष्ट आहे. सोलापूरला एका स्वीडिश मिशनरी कारागिराने मजबूत पंप बनवला होता. त्यावरूनच पुढे ‘इंडिया मार्क टू’ हा पंप तयार झाला आणि देशभर बसला. सरकारची नारू निर्मूलन मोहीम १९८० नंतर सुरू झाली. देशातला शेवटचा रोगी १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. औषध आणि लस नसताना एवढा रोग गेला, तो लोकांच्या सवयी बदलून आणि पाण्याच्या जागा बदलून. त्यात शाळेच्या पोरांची फडकी कुठल्या अहवालात नसतील, पण होती.

फादर मंडळी अशी का वागत होती, याचं उत्तर मला पुढे वाचनातून मिळालं. १९६२ ते ६५ या काळात रोमला त्यांची मोठी धर्मसभा झाली. प्रार्थना लॅटिन सोडून लोकांच्या भाषेत आली ती त्यानंतर. जगाच्या दुःखाशी धर्माचा संबंध काय, यावरही तिथे बोलणं झालं. जेझुइट संघाचे तेव्हाचे प्रमुख पेद्रो आरूपे हे स्पॅनिश गृहस्थ. तरुणपणी डॉक्टरी शिकत होते, ती सोडून फादर झाले. १९४५ ला हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा ते तिथेच होते आणि मठाचा दवाखाना करून त्यांनी भाजलेल्या माणसांवर उपचार केले. १९७३ मध्ये व्हॅलेन्सिया इथे त्यांनी आपल्या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांना सुनावलं, की आमच्या शाळांतून दुसऱ्यांसाठी जगणारी माणसं निघाली पाहिजेत. बड्या घरची पोरं शिकणाऱ्या शाळांतल्या काही माजी विद्यार्थ्यांना ते रुचलं नाही. आमच्या धुळीच्या शाळेत मात्र त्याच सुमारास आम्ही पोती उसवत होतो.

नगरला फादर हर्मन बाखर नावाचे स्विस जेझुइट होते. १९४८ ला भारतात आले. दूध आणि गहू वाटून माणूस पुढच्या दुष्काळात पुन्हा रांगेतच उभा राहतो, हे त्यांनी पाहिलं आणि पाणी अडवण्याच्या, जमीन सुधारण्याच्या कामाला लागले. १९८९ मध्ये जर्मनीच्या मदतीने पाणलोट विकासाचा मोठा कार्यक्रम उभा राहिला, तो त्यांच्या पुढाकाराने. संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी हे त्यातलं एक गाव, जाऊन बघण्यासारखं. त्यात गावाने श्रमदान करायचं, काही वर्षं चराई बंद, कुऱ्हाड बंद. दुधाच्या बादलीपासून समतल चरापर्यंत मिशन असं सरकत गेलं. बाखर २०२१ ला वारले.

आता जे चांगलं झालं नाही तेही सांगतो. त्या नववीतल्या पोराला पुढे शिकायचं होतं. घरची गरिबी तीच, वस्ती तीच, विहिरीवरची बंदी तीच. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना नाहीत. नंतर शीख आणि बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिस्त्यांना आजही नाहीत. गावाने त्याला जातीवरून बाहेर उभं केलं आणि कचेरीने धर्मावरून. तो मुंबईला गेला आणि गोदीत हमाली केली. त्याच्या हाताखाली नारूचं काम शिकलेला मी, माझ्याकडे निदान दहा एकर होते. सेवा करणाऱ्या पोराचं पुढे काय झालं, हे शाळेने विचारायला हवं होतं. ते विचारलं गेलं नाही.

आज बोर्डिंग जवळजवळ रिकामं आहे. गावात शाळेच्या पिवळ्या बस येतात, इंग्रजी माध्यमाकडे ओढा आहे. सरकारचं कामही वाढलंय. दुपारचं जेवण १९९५ पासून, २०१३ पासून शाळेत येऊन मुलांना तपासणारं डॉक्टरांचं पथक, वर्षातून ठरल्या दिवशी जंताची गोळी. हे सगळं चांगलं आहे आणि आमच्या वेळी असतं तर ते पोरगं भिंत धरून चाललं नसतं. पण गोळी घेऊन पोरगं घरी गेलं की गोष्ट तिथेच संपते. घरच्या घागरीपर्यंत ती जात नाही. समाजसेवा आता वहीत असते. झाडू हातात घेऊन फोटो, फोटो चिकटवला की गुण.

आजचे रोग वेगळे आहेत. नारू गेला, पण फवारणीचं विष घरात आलं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. आमच्याकडेही पोरं शनिवार-रविवारी बापाबरोबर पंप पाठीवर घेतात, तोंडाला रुमालही नसतो. औषधाचा रिकामा डबा धुऊन त्यात पाणी भरलेलं मी स्वतः पाहिलं आहे. मागच्या पावसाळ्यात मिशनच्या शाळेने जुन्या विद्यार्थ्यांना बोलावलं होतं. भाषण करा म्हणाले. मी भाषण केलं नाही, दोन मागण्या मांडल्या. आठवी-नववीच्या पोरांना औषधाच्या डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण वाचायला शिकवा, आणि जोडीजोडीने घरोघर पाठवून सगळ्यांना तो दाखवू द्या. आणि वजनाच्या वहीत दुसरा प्रश्न पुन्हा सुरू करा, रात्री झोप लागते का. मुख्याध्यापक सिस्टर तरुण आहेत. त्यांनी दोन्ही लिहून घेतलं आणि मला विचारलं, “काका, जोड्या कशा लावायच्या?”

मी म्हटलं, एक इकडचा, एक तिकडचा. अजून तशाच लावाव्या लागतात.